हिराबाईची पुढची सीट

मित्रांनो, सध्या माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली आहे. बोनेटवर वाल वाळत घातले आहेत. पुढची दोन चाकं कोणीतरी काढून नेली, तिथे दगड लावले आहेत. यावरून तुम्ही ओळखलंच असेल, की मी एक जुनी जीप आहे आणि आता कुठे जात-येत नाही. टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगराखाली आमची वाडी आहे. तिथे भगीरथच्या घरामागे चिंचेखाली माझा मुक्काम असतो. पोरं येतात, माझ्यावर चढतात, तोंडानं हॉर्न वाजवतात. चढोत बापडी. पण पुढच्या डाव्या सीटवर कोणी बसलं, की भगीरथची बायको रखमी घरातून ओरडते, "उठ रे तिथनं! हिराबायची जागा हाय ती!" मग पोर मुकाट्यानं उठतं.

त्या सीटची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती सांगताना माझी चूकही सांगावी लागेल. इतकी वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही. जीपला विचारतं कोण म्हणा!

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. पहिली नऊ वर्षं मी नाशिककडच्या एका दूधवाल्याकडे काढली. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी पेंडीची पोती आणि सणासुदीला मालकाची सासू. तिला उतरताना दर वेळी माझ्या पायरीला नावं ठेवायची सवय होती. कौतुक म्हणजे काय ते मला तिथे कळलंच नाही. कोणी माझी काचसुद्धा मनापासून पुसली नाही. मग १९९८ साली एक उंच, सावळा माणूस मला बघायला आला. पायात बंद बूट, मनगटावर हे एवढं मोठं घड्याळ. त्यानं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "चल, घरी जाऊ." तो भगीरथ.

आमच्या वाडीतून विमानात बसलेला तो पहिला माणूस. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एका एजंटाच्या ओळखीनं थेट मस्कतला. तिथे त्यानं आठ वर्षं मोठा ट्रेलर चालवला. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी घरी यायचा. तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याची लेक दिपाली रांगत होती. पुढे प्रत्येक सुट्टीत तो आला, की ती आईच्या मागे लपायची. एकदा जेवताना तिनं सगळ्यांसमोर रखमीला विचारलं, "आये, हा पावना कधी जाणार गो?" रखमीनं तिला चापट मारली, पण भगीरथच्या हातातला घास तसाच राहिला.

त्या एका प्रश्नानं तो परत आला. तिकडचं काम सोडून कायमचा आला. लेकीनं आपल्याला पुन्हा पाहुणा म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी गावात राहायचं होतं आणि गावात राहायचं तर हाताला काम हवं. त्याला येत होतं ते एकच, गाडी चालवणं. म्हणून मी.

मला घरी आणायला तो दूधवाल्याचा ड्रायव्हर बरोबर घेऊन निघाला. शहापूर, सापगाव, किन्हवली करत आम्ही आलो. सगळा रस्ता त्या ड्रायव्हरनं मला चालवलं आणि भगीरथ शेजारी बसून राहिला. समोरून काही आलं, की तो पायाच्या तळव्यानं खालचा पत्रा दाबायचा, जणू ब्रेक तिथेच आहे. आठ वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस स्वतःची गाडी स्वतः का चालवत नाही, असा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. पण मी आपली नवीन गाव बघण्यात दंग.

वाडीत आल्यावर त्यानं मला निळा रंग दिला. मुरबाडच्या पेंटरनं विचारलं, "मागं काय लिहू? आईची कृपा? का देवाचं नाव?" भगीरथनं माझ्या मागच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "लिही, आलो घरी." पेंटर हसला, पण लिहिलं. मागच्या फाळक्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं. आमच्या मागून येणारा जो तो ते वाचायचा. काय सांगू, मला केवढी मिरवावीशी वाटायची ती अक्षरं!

आता अडचण काय होती ते सांगते. तिकडे मस्कतला गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात आणि स्टेअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडे सगळं उलट. भगीरथच्या डोक्याला ते ठाऊक होतं, पण हातापायांना कोण सांगणार? पहिल्या दिवशी त्यानं गिअर टाकायला उजवा हात मारला तो थेट माझ्या दारावर. बोटं सोलटली. खांद्यावरून पट्टा ओढायला हात गेला. माझ्याकडे कसला पट्टा! मुरबाडच्या नाक्यावर रस्ता ओलांडतानासुद्धा तो भलत्याच बाजूला बघायचा. एकदा सायकलवाल्यानं धडक दिली, वर "आंधळा हायस का?" म्हणून गेला. भगीरथ घरी येऊन रखमीला म्हणाला, "उंबऱ्यात ठेच लागली." बाजारात जायचं म्हटलं, की तो काहीतरी कारण काढायचा. बायकोला सांगायची लाज, मित्रांना सांगायची त्याहून लाज. मस्कतचा ड्रायव्हर म्हणून गावानं डोक्यावर घेतलेला माणूस तो. त्याला मुरबाडपर्यंत जायची भीती वाटते हे सांगणार कोणाला?

धंदा सुरू करायचा पहिला दिवस उजाडला. रखमीनं मला हळदकुंकू लावलं. दिपालीनं झेंडूचा हार घातला, थोडा वाकडाच. भगीरथ "यल्ला" म्हणाला आणि चावी फिरवली. हा त्याचा तिकडचा शब्द, म्हणजे चल. पुढे सगळी वाडी तो शब्द म्हणायला लागली. पहिलीच पाशिंजर हिराबाई. साठीची बाई, काटक, तोंडानं फटकळ. रानातून करवंदं, कंद, शेवळं, जे मिळेल ते आणून मुरबाडच्या बाजारात विकायची. डाव्या हातात जाड पितळी कडं. टोपली घेऊन ती पुढे भगीरथच्या शेजारी बसली. बाकीचे टोकावड्याच्या नाक्यावर बसणार होते.

वाडीची मातीची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे भगीरथ वळला आणि सरळ उजव्या बाजूनं निघाला. रस्ता रिकामा होता. हिराबाईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"अरं भगीरथ, त्या अंगानं जा की. ह्या अंगानं कुठं चाललायस?"

त्यानं करकचून ब्रेक दाबला. करवंदं सगळी खाली माझ्या पत्र्यावर सांडली. त्यानं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं.

"मावशी, आठ वर्षं उजवीकडनं चालवलं गो. गर्दी असली की समजतं. रिकामा रस्ता दिसला की हात ऐकत नाय."

"मग?"

"मग काय? मला भ्या वाटतं. कोणाला सांगू नको."

हिराबाई करवंदं वेचत होती. वेचून झाल्यावर म्हणाली, "मी कशाला सांगू? मी बसते पुढं. रोजची. तू चुकलास की हे कडं वाजवीन. चल, बाजार निघून जाईल."

अशी ती सीट हिराबाईची झाली. रस्ता मोकळा झाला आणि भगीरथचे हात उजवीकडे ओढायला लागले, की ती माझ्या समोरच्या पत्र्यावर कडं आपटायची. टण. एकच टोला. बोलायची काही नाही. भगीरथ लगेच मला डावीकडे घ्यायचा. मागच्यांना वाटायचं, म्हातारीला ताल धरायची सवय आहे. पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा टोले बसायचे, मग पाच-सहा, मग एखादा. माझा रंग तिथला उडाला, बारीक बारीक खळगे पडले. मला राग यायचा. नव्या निळ्या रंगाची काय दशा केली ही! शिवाय तिच्या टोपलीतून करवंदांचा रस गळायचा, सीटवर काळेजांभळे डाग पडायचे, आणि परत येताना सुकट घेऊन आली की दोन दिवस वास जायचा नाही. पण खरं सांगते, तिच्या कड्याच्या भरवशावरच मी दोन वर्षं त्या रस्त्यानं सुखरूप धावले.

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. वाडीतल्या बाळंतिणी मी नेल्या, नवरदेव नेले, पोरांना परीक्षेला नेलं. लोक म्हणायचे, "निळीत बसा, भगीरथ हळू चालवतो, पण नीट नेतो." दिपाली शाळेतून सुटली की नाक्यावर थांबायची. मी दिसले की हात वर करून ओरडायची, "बाबा आला! माझा बाबा आला!" ते ऐकून भगीरथ उगीचच हॉर्न वाजवायचा. त्याला वाटायचं, आता आपण खरंच घरी आलो.

मे महिना होता, २००० साल. वाडीत देवरामच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे हळदीच्या संध्याकाळी बाया गाणी म्हणतात आणि गाण्यात आलेल्या-गेलेल्यांची चेष्टा करतात. व्याही जाडा असला तर त्याच्यावर, मामा कंजूष असला तर त्याच्यावर. नाव घेऊन म्हणायचं आणि ज्याचं नाव निघेल त्यानं हसायचं, अशी रीत. रागावला तर आणखी चार ओळी. मी मांडवाच्या कडेलाच उभी होते, वऱ्हाड आणून दमले होते. हिराबाईचं कडं नेमकं कधी वाजतं, ते कोणा बाईनं कधीतरी नीट बघितलं असावं. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि सुरू केलं:

"निळी जीप कोण हाकतो गो, कोण हाकतो?
हिराबाय हाकते, भगीरथ झोपतो गो, भगीरथ झोपतो!"

मांडव हसून लोळला. टोकावड्याचा दुसरा जीपवाला अनंता तिथेच होता. तो ओरडला, "आता समजलं! मस्कतचं लायसन हिराबायच्या नावावर हाय!" हिराबाई लटक्या रागानं म्हणाली, "गप रे मेल्या!" आणि गाणाऱ्या बाईला हळदीचा हात पुसायला धावली. भगीरथही हसला. रीतच ती. पण तेवढ्यात त्याला दिपाली दिसली. अकरा वर्षांची पोर मैत्रिणींत उभी राहून टाळ्या वाजवत ते गाणं म्हणत होती. तिला काय कळतंय? सगळे म्हणतात म्हणून ती म्हणत होती. भगीरथचं हसू तिथेच आटलं. त्यानं हातातला चहा न पिता खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उगाच माझी काच पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मुरबाडला नेलं आणि पुढच्या सीटला लाल रेक्झिनचं नवं कव्हर घातलं. त्यानंतरच्या सकाळी हिराबाई टोपली घेऊन आली आणि सवयीनं पुढे चढू लागली.

"मावशी, आजपासून तू मागं बस."

"का रे?"

"कव्हर नवं हाय. करवंदाचे डाग पडतात."

तिनं पाय खाली घेतला. हे हळदीच्या गाण्यावरून आहे, ते तिला समजलं. मलाही समजलं. "आणि वाटेत चुकलास तर?" तिनं अगदी हळू विचारलं.

"दोन वर्षं झाली मावशी. आता काय चुकतो? मी काय ल्हान पोर हाय?"

"बरं बाबा," म्हणाली आणि मागे जाऊन फाळक्याशेजारी, डाव्या बाकाच्या टोकाला बसली.

मित्रांनो, आता माझी चूक ऐका. मला आनंद झाला. हो, झाला! लाल कव्हर, त्याच्यावर डाग नाही, पत्र्यावर टोला नाही, सुकटीचा वास नाही. बरं झालं म्हातारी मागे गेली, असं मला वाटलं. त्या दिवशी मी जरा जास्तच ऐटीत धावले. आज त्या ऐटीची आठवण आली, की मला माझीच किळस येते.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी देवरामची भाताची दोन पोती गाडीत होती. मुरबाडच्या वाटेवर त्याच्या भावाचं घर उजव्या हाताला लागतं. पोती उतरवायला भगीरथनं मला उजव्या कडेला घेतलं. पोती उतरली. भगीरथ चढला, "यल्ला" म्हणाला. समोर रस्ता सरळ, लांबच लांब, रिकामा. आणि तो उजवीकडूनच निघाला. त्याला काही वेगळं वाटलंच नाही. मला वाटलं. माझी चाकं भलत्या कडेला होती, पण मी काय करणार? मला स्वतःचा आवाज म्हणून एक हॉर्न आहे आणि तोही कोणी दाबला तर वाजतो.

मागून हिराबाईनं बघितलं. मैलाचा दगड भलत्या बाजूनं गेला हे तिच्या लक्षात आलं. ती फाळक्याबाहेर वाकली, डावा हात बाहेर काढला आणि माझ्या बाजूच्या पत्र्यावर कडं आपटलं. टण. मग पुन्हा, टण.

भगीरथनं ते ऐकलं. मला वाटलं, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. स्टेअरिंगवरची त्याची पकड घट्ट झाली. अनंताचा चुलता मागे बसला होता, तो हसून म्हणाला, "काय हिराबाय, मागनं पण हाकते का?" सगळे हसले. भगीरथनं मान ताठ केली आणि टोल्याकडे लक्ष दिलं नाही. एवढंच. फार तर तीन श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ.

तिसरा टोला बसला तेव्हा वळणावरून समोर ट्रक आला. भगीरथनं मला एकदम डावीकडे ओढलं. ट्रक चुकला, पण मी रस्ता सोडून खालच्या चरात गेले आणि डाव्या कुशीवर पडले. बाकीच्यांना खरचटलं. हिराबाईचा हात अजून बाहेरच होता. तो माझ्याखाली आला.

माणसांनी मला उचलून सरळ केलं. हिराबाई ओरडलीसुद्धा नाही, तिचं तोंड नुसतं पांढरंफटक पडलं होतं. भगीरथ तिच्याजवळ बसून "मावशी, मावशी" एवढंच म्हणत होता. दवाखान्यात हात इतका सुजला, की कडं करवतीनं कापून काढावं लागलं. पोलीस आले, विचारायला लागले. तेव्हा ती कॉटवर पडल्या पडल्या ठणकावून म्हणाली, "गाय आडवी आली, साहेब. पोराची काय चूक नाय." मग गाडीतले सगळेच म्हणाले, गाय आडवी आली. एकानं तर तिचा रंगही सांगितला, तांबडी होती म्हणून. त्या रस्त्यावर तेव्हा गाय तर सोडाच, कुत्रंही नव्हतं.

हात प्लास्टरमध्ये होता. पुढे लावणीचे दिवस आले. घरात दुसरं माणूस नाही, म्हणून हिराबाईनं डॉक्टरांना न विचारता कोयत्यानं प्लास्टर कापून टाकलं आणि चिखलात उतरली. हात कोपरात तसाच वाकडा राहिला. डोक्यावर टोपली उचलायला दोन हात लागतात. तिचा बाजार बंद झाला.

भगीरथनं त्या दिवसानंतर माझ्या स्टेअरिंगला हात लावला नाही. दीड वर्ष मोलमजुरी केली, वीटभट्टीवर गेला. लोक त्याला दोष देत नव्हते, गाईला देत होते. त्यामुळेच त्याला जास्त जड जाऊ लागलं. अंगण ओलांडून हिराबाई रोज पाणी भरायला जायची, एका हातात हंडा, दुसरा हात छातीशी आखडलेला. ती दिसली की तो घरात जायचा. रखमी त्याला म्हणायची, "गाडी नको तर नको. नांगर हाका. पण हितं ऱ्हावा."

"हितं रोज तो हात दिसतो गो," तो म्हणाला. "आणि मला दुसरं काय येतं? तिकडं निदान हात तरी ऐकतात."

२००१ च्या दिवाळीनंतर तो परत मस्कतला गेला. जायच्या सकाळी दिपाली माझ्या फाळक्याला धरून उभी होती. ती त्याच्यामागे धावली नाही. "मी गाणं म्हटलं म्हणून बाबा चालला," एवढंच ती आईला म्हणाली. रखमीनं तिला जवळ घेतलं. भगीरथ बॅग घेऊन वाट उतरून गेला. माझ्याजवळून जाताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग माझे दिवस फिरले. अनंतानं मला विकत मागितलं. रखमी म्हणाली, "ते आल्यावर चालवतील." पहिलं वर्ष ती मला धुवायची. मग ताडपत्री टाकायची. मग ताडपत्री घराच्या कौलांवर गेली. बॅटरी गेली, चाकं गेली, लाल कव्हरला उंदरांनी भोकं पाडली. तेच ते लाल कव्हर, ज्याच्यावर डाग पडू नये म्हणून एवढं सगळं झालं! कोणी करवंदाचा एक डाग जरी पाडला असता, तरी मला बरं वाटलं असतं.

भगीरथ सुट्टीवर यायचा. पण घरामागे यायचा नाही. घरात त्याला ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जाई, पाण्याचा तांब्या हातात दिला जाई, पाहुण्याला देतात तसा. दिपाली मोठी होत होती. ती आता लपायची नाही, पण बोलायचीही बेतानंच.

२००९ च्या सुट्टीत मात्र तो एक दिवस चिंचेखाली आला. केस पिकले होते. त्यानं माझ्यावरची वाळलेली पानं झटकली, दार उघडलं आणि आत बसला. मग त्याचे दोन्ही हात पुढे गेले आणि हवेतच थांबले. समोर स्टेअरिंग नव्हतं. तिकडच्या सवयीनं तो डाव्या दारानं चढला होता. तो हिराबाईच्या जागेवर बसला होता.

तिथून त्याला समोरचा पत्रा दिसला. दोन वर्षांचे टोले, एकेक खळगा. त्यानं त्याच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. मोजत होता की काय कोण जाणे.

तेवढ्यात पानांवर पाय वाजले. हिराबाई एका हातात सरपणाची लहान मोळी घेऊन येत होती. आता सत्तरीला आलेली, पण तोंड तसंच. मोळी खाली टाकून ती म्हणाली, "माझ्या जाग्यावर बसलायस रे, भगीरथ."

"चुकलो, मावशी."

"मग सरक तिकडं."

गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून तो उजवीकडे सरकला. ती कुरकुरत चढली आणि आपल्या सीटवर बसली. किती वर्षांनी ते वजन मला जाणवलं!  दोघांच्या समोर काय, तर घराची भिंत. मग हिराबाईनं चांगल्या हाताचं बोट वाकवून पत्र्यावर मारलं. टक. कडं नव्हतं, म्हणून आवाज वेगळा आला.

"डावीकडं रे," ती म्हणाली.

भगीरथनं स्टेअरिंग धरलं आणि डावीकडे फिरवलं. माझ्या पुढच्या चाकांच्या जागी दगड होते, वळणार काय? तरी त्यानं अगदी शेवटपर्यंत फिरवलं. मग त्याच्यावर डोकं टेकवून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"मावशी, त्या दिवशी मी ऐकलं होतं गो. दोन टोले ऐकले होते. ऐकून वळलो नाय."

"म्हाईत हाय मला."

त्यानं मान वर केली. "म्हाईत होतं? मग गाय आडवी आली असं कशाला सांगितलंस?"

"कशाला म्हणजे?" हिराबाई म्हणाली. "तू हितं ऱ्हावास म्हणून."

त्यानं स्टेअरिंग सोडलं नाही. तीही उठली नाही. रखमी चहासाठी हाक मारत होती, तरी दोघं तशीच बसून राहिली. मित्रांनो, त्या वेळी मला एकदाच चालू व्हायचं होतं. इंजिनानं एक आचका दिला असता, एकदा धूर सोडला असता, तर कदाचित तो थांबला असता. पण माझ्यात काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्याची सुट्टी संपली आणि तो एसटीनं निघून गेला.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. लांबून कोणी घरी परत आलं आणि इथल्या साध्या साध्या गोष्टींत चुकायला लागलं, रस्ता ओलांडायला घाबरलं, तर त्याच्यावर गाणी रचू नका. आणि जो माणूस त्याच्या शेजारी बसून त्याला सांभाळतो, त्याला डागांच्या भीतीनं मागे बसवू नका आणि तो मागे गेला म्हणून माझ्यासारखा आनंदही मानू नका. माझं म्हणाल, तर उद्या मला भंगारात दिलं तरी माझी तक्रार नाही. कोंबडीची पिल्लं तेवढी निघू द्या. फक्त मागचा फाळका काढून घरात ठेवा. पिवळा रंग उडत चालला आहे, पण "आलो घरी" एवढं अजून वाचता येतं. दर दिवाळीला दिपाली ओल्या फडक्यानं ती अक्षरं पुसते आणि पुसताना पुन्हा पुन्हा वाटेकडे बघते.